पाय चौकटीबाहेर होता का?

आकाशकंदील उतरले की आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर फक्की पडते. मैदान तेच असतं, आखणी बदलते. पावसाळा सरल्यावर तिथे क्रिकेटचे सामने एकमेकांच्या अंगावर चाललेले असतात. थंडी सुरू झाली की एका कोपऱ्यात पांढऱ्या पुडीने तिरका चौकोन उमटतो आणि मुली येतात. हा बेसबॉलचा हंगाम. अॅल्युमिनिअमच्या बॅटला चेंडू लागला की पातेल्यावर पळी आपटावी तसा आवाज होतो. सकाळच्या गारठ्यात तो लांबवर जातो. रस्त्यापलीकडच्या दूधवाल्यालाही तो ऐकू येतो.

यंदा तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. माझे वडील, आप्पा, गेले त्यानंतरचा हा पहिला हिवाळा. शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं. गॅलरीत मफलर गुंडाळून बसून ते नुसत्या आवाजावरून सांगत, "टोकाला लागला," किंवा "बॅट जुनी आहे, पत्रा दबलाय." ते बरोबर असायचं की नाही हे तपासायला आम्ही कधी उठलो नाही.

आप्पा सिडकोतल्या एका शाळेत पी.टी.चे शिक्षक होते. आधी सॉफ्टबॉल शिकवायचे, मग बेसबॉल आला तेव्हा त्याच मुली, तेच मैदान, थोडा लहान आणि कडक चेंडू. निवृत्तीनंतर ते पंच म्हणून उभे राहू लागले. जिल्ह्यात या खेळाचे पंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यामुळे ज्याने शिकवलं तोच पुढे पंच होतो, आणि मुली मैदानावरही त्याला सरच म्हणतात. याचं कोणाला काही वाटत नाही.

या खेळात बॅटर होम प्लेटच्या बाजूला आखलेल्या एका चौकटीत उभी राहते. तिच्या मागे कॅचर बसते, कॅचरच्या मागे पंच वाकून उभा असतो. पिचर चेंडू टाकते. तीन वेळा चुकलं, म्हणजे तीन स्ट्राइक झाले, की बॅटर बाद. दरम्यान चौकोनाच्या एका कोपऱ्यावरून, म्हणजे बेसवरून, पुढच्या बेसवर धावणारी मुलगी, म्हणजे रनर, संधी साधून पळत असते, आणि कॅचरला उठून, चेंडू फेकून तिला अडवायचं असतं. त्या फेकीच्या वाटेत बॅटर आली तर काय, हा आप्पांचा आवडता विषय होता. बाकीचे नियम ते सांगत. हा नियम ते करून दाखवत.

एकदा आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. आप्पांनी तिच्या पायाभोवती खडूने चौकट आखली.

"तू बॅटर," ते म्हणाले.

"मी स्वयंपाक करतेय."

"ही तुझ्यामागे कॅचर." म्हणजे मी, हातात बटाटा घेऊन. "हिला तिकडे दारात फेकायचंय. तू जागच्या जागी उभी राहिलीस, तर तुझा दोष नाही."

"बटाटा मला लागला तरी?"

"तरी नाही. चौकट तुझी आहे. पण तू चौकटीबाहेर पाय टाकलास, किंवा आतच उगाच हललीस आणि तिला अडथळा झाला, तर तू आऊट. पळणारी जिथून निघाली तिथे परत."

"मी तिला वाट द्यायला सरकले असेन."

"तरी आऊट. तुझ्या मनात काय होतं ते पंच बघत नाही. पाय बघतो."

"मग बरंय," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून या ओट्यापाशीच उभी आहे. एकदा आऊट झाले नाही."

आप्पा हसले, पण त्यांचं सांगणं संपलं नव्हतं. अडथळा दिसला की पंचाने ताबडतोब बॅटरकडे हात करायचा, तोंडाने सांगायचं, आणि खेळ मात्र थांबवायचा नाही. फेक कुठे जाते ते बघायचं. त्या फेकीने रनर बाद झाली, तर अडथळा झालाच नव्हता असं धरायचं. बॅटर सुटली. रनर वाचली, तरच खेळ थांबवायचा आणि बॅटरला बाद द्यायचं. त्यांना यातला मधला क्षण महत्त्वाचा वाटे. हात वर आहे, चूक नोंदली गेली आहे, आणि शिक्षा अजून ठरलेली नाही. "तेवढा वेळ थांबता आलं पाहिजे," ते म्हणत. "नवीन पंच थांबत नाहीत. त्यांना हात वर केला की निकाल द्यायची घाई होते."

आप्पा पंच असतानाच्या एका हिवाळ्यात थंडी जास्त होती. सकाळी गाडीची सीट ओली असायची. शहराबाहेरच्या द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर यायचा, आणि तो उन्हं वर येईपर्यंत मैदानावर खाली बसून राहायचा. मुली तोंडातून वाफा काढत पळायच्या. सामना संपला की सगळे मिसळीच्या दुकानात जायचे आणि तिथे हरलेले जिंकलेल्यांपेक्षा जास्त पाव खायचे. हे सगळं लख्ख आठवतं. न आठवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे फ्रिजच्या दारातली औषधाची बारीक बाटली. "डोळे कोरडे पडतात," आप्पांनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं आणि त्या बाटलीशेजारी लोणचं ठेवत राहिलो.

त्यांनी स्कूटर चालवणं सोडलं, कारण सांगितलं गुडघ्याचं. जेवताना डावीकडे ठेवलेली वाटी हाताने पडायची. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. आई म्हणायची, "अहो, दार आहे ते, पुढच्या वर्षी रुंद करू." ते म्हणायचे, "तू मध्ये उभी असतेस." काचबिंदू असाच असतो, हे पुढे डॉक्टरांनी समजावलं. समोरचं नीट दिसत राहतं. नजर कडांनी आत येत जाते, इतकी हळू की माणूस स्वतःलाही फसवू शकतो. पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत आप्पांना अगदी स्वच्छ दिसायचा. चेंडू बरा की वाईट हे त्या हंगामातही त्यांच्याइतकं कोणी सांगत नव्हतं. चेंडूच्या आजूबाजूचं मात्र काही उरलेलं नव्हतं.

जिल्ह्याचा अंतिम सामना सिडकोच्या मुली आणि विंचूरच्या मुली यांच्यात झाला. विंचूरचा संघ टेम्पोतून आला होता, मागे सतरंजी अंथरून. त्यांच्या प्रशिक्षकाने उतरल्या उतरल्या आप्पांच्या पाया पडून घेतलं आणि म्हणाला, "आप्पा, आज जिंकायचंच हाय आम्हाला. पोरींनी घरच्यांना सांगून ठेवलंय." आप्पा म्हणाले, "मग त्यांना खेळू दे. तू बोलू नकोस."

सिडकोच्या संघात रूपाली नावाची मुलगी होती. उंच, उजव्या हाताची, बॅट फिरवताना पाय लांब टाकणारी. तिचे वडील अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर होते, आई ब्लाऊज शिवायची. तिला पोलिसात जायचं होतं. हे तिने कोणापासून लपवलं नव्हतं. राज्याच्या संघात निवड झाली आणि तिथे पदक मिळालं, तर भरतीत खेळाडूंच्या जागांवर अर्ज करता येतो. उंची, धावणं, सगळं तिच्याकडे होतं, कागद तेवढा नव्हता. मैत्रिणी तिला आत्ताच "मॅडम, हेल्मेट नाही, पावती फाडू नका" म्हणून चिडवायच्या आणि ती त्यांना खरोखरच कडेला उभं करायची. निवड करणारी माणसं त्या दिवशी मैदानाच्या एका अंगाला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. रूपालीने त्या सकाळी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही, असं तिची मैत्रीण नंतर सांगत होती.

शेवटची इनिंग. सिडको एका धावेने मागे. दोन मुली बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की सामना संपणार, दुसऱ्या बेसवर एक रनर, आणि बॅटिंगला रूपाली. मी मैदानाच्या कडेला, आप्पांना घरी न्यायला आणलेल्या स्कूटरपाशी होते. तिथून कॅचरची पाठ, आप्पांची पाठ आणि धूळ दिसत होती. चौकटीच्या रेघा तोवर पायांनी पुसल्या गेल्या होत्या. शेवटच्या इनिंगला त्या नेहमीच पुसलेल्या असतात. पंचाने रेघ कुठे होती हे लक्षात ठेवायचं असतं.

पिचरने चेंडू टाकला. रूपालीने जोरात बॅट फिरवली, चेंडू चुकला, तिचा दुसरा स्ट्राइक. त्याच वेळी दुसऱ्या बेसवरची मुलगी तिसऱ्याकडे पळाली. कॅचर उठली, फेकायला वळली, आणि तिची फेक भलतीकडे गेली. चेंडू तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून लांब मैदानात. पळणारी मुलगी थांबलीच नाही, सरळ घरी, होम प्लेटवर, आली आणि धाव झाली. बरोबरी. सिडकोच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या.

आणि विंचूरचा प्रशिक्षक धावत आत आला.

"आप्पा, पोरगी आडवी आली ना! पाय मागं टाकला तिनं. आमच्या पोरीनं फेकावं कुठून?"

आप्पांनी तोंडावरची जाळी काढली. त्यांचा हात वर गेलेला नव्हता. अडथळा पाहिला असता तर तो आधीच वर गेला असता, हे मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूला माहीत होतं. ते बेसवर उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचाकडे गेले. देवरे नावाचे तरुण शिक्षक होते ते.

"तुला दिसलं?"

"मी बेसकडे बघत होतो, आप्पा. रनर आणि बेस."

हे बरोबर होतं. त्यांनी तेच बघायचं असतं. पंच दुसऱ्या पंचाला विचारू शकतो. त्यापुढे विचारायला कोणी नसतं. न दिसलेल्या गोष्टीचा निकाल देता येत नाही, खेळ झाला तसा धरायचा आणि पुढे जायचं. नियम इतका साधा आहे. आप्पा परत प्लेटपाशी आले, खाली पाहिलं, पुसलेली फक्की पाहिली असावी. मग ते रूपालीकडे वळले.

"बाळ, तुझा पाय चौकटीबाहेर होता का?"

पंच खेळाडूला असं विचारत नाही. इतक्या वर्षांत आप्पांनी कोणाला विचारलं नव्हतं. विचारणाऱ्या दुसऱ्या पंचाला त्यांनी पुन्हा उभं राहू दिलं नसतं.

रूपालीने त्यांच्याकडे पाहिलं. बॅट तिच्या हातात उलटी धरलेली होती.

"हो, सर," ती म्हणाली.

आप्पांनी हात वर केला. बॅटर बाद, धाव रद्द, सामना संपला. विंचूरच्या मुलींना आनंद करायचा की नाही ते क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी केला.

मी ज्या दैनिकात काम करायचे त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात दोन ओळींची बातमी होती. अंतिम सामन्यात विंचूरचा संघ एका धावेने विजयी. ती मीच लावली होती. त्यात चूक काही नव्हती.

सामन्याच्या संध्याकाळी आप्पा जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "गाडी काढ." आम्ही आयोजकांकडे गेलो. आप्पांनी उभ्याउभ्याच सांगितलं की तो निकाल त्यांनी पाहून दिलेला नाही, त्यांना दिसलं नव्हतं, आणि निवडीच्या वेळी हे लक्षात घ्यावं. समोरचे गृहस्थ जुने ओळखीचे. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"आप्पा, पोरगी स्वतः हो म्हणाली. मग प्रश्न येतो कुठे? उलट तुम्ही खात्री करून घेतलीत."

"खात्री करायची नसते."

"बसा हो. चहा घ्या. पोरगी प्रामाणिक आहे, आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं तिचं."

निवडीच्या यादीत कौतुकाला जागा नव्हती. रूपालीचं नाव त्यात आलं नाही. पुढच्या वर्षी ती वयोगटातून बाहेर पडली.

आप्पा त्यानंतर कधी प्लेटमागे उभे राहिले नाहीत. डोळ्यांचं आम्हाला त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं, आईला आधी, मग मला. आई म्हणाली, "वाटी मी मुद्दाम डावीकडे ठेवत होते का मग, इतके दिवस."

नजर जायला आणखी काही हिवाळे लागले. प्रत्येक हिवाळ्यात आखणी झाली, आवाज आले, द्राक्षबागांचा धूर आला. आप्पा गॅलरीत बसत. त्या सामन्याबद्दल ते एकच वाक्य बोलत, कधी विचारलं तर आणि कधी न विचारता. "पद्धत चुकली, पण निर्णय बरोबर होता. पोरगी खरं बोलली." या वाक्याचा दुसरा भाग त्यांना लागत असे. रात्री कुशीवर वळताना उशी लागते, तसा. ज्या माणसाने आयुष्यभर दिसलं तेवढंच सांगितलं, त्याने एकदा न दिसलेलं सांगितलं होतं. ते निदान खरं होतं, यावर त्यांची पुढची वर्षं टेकली होती. आम्हीही त्याला कधी हात लावला नाही. कोणी लावावा असं त्यात काही आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात रूपाली आली. आई तेव्हा मामाकडे घोटीला गेली होती, भाताची कामं आटोपून तिथे पूजा होती. दुपारी बेल वाजली. दारात कंपनीचा गणवेश घातलेली बाई, हातात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या. ती अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला होती. सरांना आता दिसत नाही, हे तिला लाइनवरच्या एका मैत्रिणीकडून कळलं होतं.

"सर, मी रूपाली. सिडकोची."

आप्पा सावरून बसले. "लांब पाय टाकायचीस. सांगून सांगून थकलो."

"अजून टाकते, सर. सुपरवायझर म्हणतो, जिन्यावर दोन पायऱ्या एकदम चढू नका."

"खेळतेस काही?"

"कुठलं खेळ. कंपनीच्या कार्यक्रमात रस्सीखेच असते, त्यात मला शेवटी बांधतात. खुंटी म्हणून."

आप्पा मोठ्याने हसले. फार दिवसांनी हसले. मुलं किती, सासर कुठे, नवरा काय करतो, हे सगळं झालं. तिने हरभरा सोलायला घेतला आणि सोललेले दाणे त्यांच्या तळहातावर ठेवत राहिली. मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा आप्पा बोलत होते.

"तुला त्या दिवशी विचारायला नको होतं मी. ती माझी चूक. पण तू खरं बोललीस. निर्णय बरोबर झाला, एवढं मला पुरलं आतापर्यंत."

रूपालीचे हात थांबले. मी ट्रे घेऊन दारातच उभी राहिले.

"सर, एक सांगू? रागवायचं नाही."

"सांग."

"मला माहीत नव्हतं."

"काय?"

"पाय कुठे होता ते. बॅट फिरवली, लागलं नाही, तोल गेला. मग एकदम गलका. तुम्ही विचारलं, पाय बाहेर होता का. मला वाटलं, सरांनी बघितलंय. नुसतं माझ्या तोंडून ऐकायचंय. शाळेत नाही का तुम्ही विचारायचात, काच कोणी फोडली? तुम्हाला ठाऊकच असायचं. आम्ही हो म्हणायचो." ती थांबली. "म्हणून हो म्हटलं."

आप्पांच्या तळहातावरचे दाणे तसेच होते. खाली मैदानावर कोणीतरी चेंडू मारला.

"म्हणजे कोणीच पाहिलं नाही," ते म्हणाले.

"असेल बाहेर, सर. असू शकतो. तो विंचूरचा माणूस उगाच कशाला ओरडेल?"

"तो ओरडणारच. त्याचं काम ते." आवाज बदलला होता. मैदानावरचा होता, सपाट, लांबपर्यंत पोचणारा. "पंचाने पाहिलं नाही, तर अडथळा नाही. फेक चुकली, ती कॅचरची चूक. धाव मोजायची. सामना बरोबरीत. तू आऊट नव्हतीस."

रूपालीने मान खाली घातली. हरभऱ्याची साल तिच्या मांडीवर साठली होती, ती तिने एका बाजूला गोळा केली. मी ट्रे टेबलावर ठेवला. चहाला कोणी हात लावला नाही.

"एक स्ट्राइक शिल्लक होता तुझा," आप्पा म्हणाले.

"माहीत आहे, सर," ती म्हणाली.

मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंड शिफ्टची गाडी चौकात येण्याची वेळ झाली होती.